सात मिनिटांत पाडायचं रोम

३ ऑगस्ट, रविवार

विलासभाऊजी सकाळी चहाला आले ते रोम घेऊनच आले. यंदा आपल्या मंडळाचा चलचित्र देखावा 'रोमचं पतन'. देवळं झाली, चंद्रावरचं यान झालं, गडकिल्ले तर एक वर्षाआड असतातच. भांडुपात रोम अजून कोणी पाडलेलं नाही म्हणे. संहिता मी लिहायची, कारण जन्मभर शाळेत इतिहास शिकवला हा माझा गुन्हा.

त्यांना जळतं शहर हवंय आणि बासरी वाजवणारा नीरो. म्हटलं, भाऊजी, नीरो मेल्यावर चारशे वर्षं रोम उभं होतं. तर म्हणतात, "वहिनी, पब्लिकला चारशे वर्षं थांबायला टाइम नाय. सात मिनिटांत पाडा." अध्यक्ष झाल्यापासून असंच बोलतात. हे होते तेव्हा ह्यांच्यापुढे भाऊजी मान खाली घालून बसायचे.

मला रोमची काळजी नाही. निखिलची आहे. यंदा तो चिटणीस, पोलीस स्टेशनच्या परवानगीच्या प्रत्येक कागदावर त्याची सही. आणि त्याच पो. स्टे.ला त्याची चारित्र्य पडताळणी आलीय. तीन वेळा परीक्षा देऊन सरकारी नोकरीच्या यादीत नाव लागलं. आता पोलिसांनी 'आक्षेपार्ह काही नाही' एवढं कळवलं की नेमणूक. म्हटलं, यंदा पद सोड. म्हणाला, गणपती होऊ दे गं. बापावर गेलाय.

८ ऑगस्ट, शुक्रवार

चार दिवस संहितेत डोकं. सात मिनिटांत पडेल असं त्या रोममध्ये काही नाहीच. चांदीच्या नाण्यातली चांदी कमी होत गेली. श्रीमंत आपापल्या जमिनींवर जाऊन बसले, कर चुकवायला लागले. सैन्यात बाहेरची माणसं भरली आणि त्यांनाच हिणवलं. शेवटचा सम्राट तर कोवळा पोरगा. त्याला कोणी मारलंसुद्धा नाही. मुकुट काढून घेतला, वर्षासन लावून दिलं आणि समुद्राकाठच्या बंगल्यात पाठवलं. बहुतेकांना त्या दिवशी काही घडलं हे कळलंही नसेल.

प्रज्ञाला वाचून दाखवलं. (शेजारीण, शाळेत मराठीची, माझ्याबरोबरच निवृत्त. निवेदन तिचं, तिच्या आवाजापुढे माइक शोभेचा.) म्हणाली, "हे पडत नाहीये गं शालू, झिजतंय." अगदी बरोबर. वि.भाऊजींना मात्र झिजलेलं चालणार नाही. तडजोड: नीरो सुरुवातीला एक मिनिट, आग शेवटी. चारशे वर्षं मधल्या पडद्यात गेली. लाज वाटते, पण लिहून दिलं.

१४ ऑगस्ट, गुरुवार

आमच्या स्वयंपाकघरात रेकॉर्डिंग. पंखा बंद, खिडकी बंद, निखिलने फोनवर घेतलं. सगळं एका दमात झालं आणि एका वाक्यावर अडलं. 'आणि मग रानटी टोळ्या रोमवर चालून आल्या.' हे वाक्य वि.भाऊजींनी घुसवलेलं. मी आधी 'सीमेपलीकडची माणसं' लिहिलं होतं.

प्रज्ञाने चष्मा काढून ठेवला. "उपाशी माणसं नदी ओलांडून आसऱ्याला आली. ह्यांनी त्यांना कुत्र्याचं मांस दिलं आणि बदल्यात त्यांची पोरं गुलाम म्हणून घेतली. हे तूच मला सांगितलंस ना? मग रानटी कोण? मी नाही बोलणार तो शब्द." मी म्हटलं, पब्लिकला पटकन कळतं अगं. ती म्हणाली, पटकन कळतं तेच तर वाईट.

तिचं पटत होतं. पण उशीर झाला होता, भाऊजींचे तीन फोन येऊन गेले होते. तेवढं एक वाक्य मी बोलले. माझा आवाज वर्गात चढतो तसा चढला, निखिल म्हणाला फरक कळत नाही. प्रज्ञा चहा पिऊन गेली.

२० ऑगस्ट, बुधवार

दोन दिवस पावसाने झोडपलं. परबांच्या गोडाऊनमध्ये पाणी. देखाव्याचे पुतळे तेच देतात, मोटरी बसवून हलवतात. रोमन सैनिक बचावले, पण हल्लेखोर भिजून फुगले. नवीन करायला वेळ नाही.

नि.बरोबर बघायला गेले. परबांनी कोपऱ्यातून जुने पुतळे काढलेत. डोक्यावर काथ्याचे केस, दाढ्या, अंगाला गोणपाट गुंडाळलेलं. "कुठले हो हे?" विचारलं. "जुने आहेत मॅडम, मंडळाचेच." गोणपाटाखाली काय आहे ते मी वाकून बघितलं नाही. पायात चिखल, घरी जायची घाई. दिसले रानटी, झालं.

२५ ऑगस्ट, सोमवार

पो. स्टे.चे साहेब देखावा तपासून गेले. नीरोवर खूष. निखिलला नावाने ओळखलं, "तुमचा पडताळणीचा कागद माझ्याच टेबलावर आहे." पाठीवर थापही मारली. नि. घरी आला तो शीळ घालत. बऱ्याच महिन्यांनी.

मांडवाबाहेर बोर्ड लागला. संहिता: माझं नाव. निवेदन: प्रज्ञा कांबळे.

२७ ऑगस्ट, बुधवार

गणपती बसले. घरचे आणि मंडळाचे. पाय मोडलेत. देखावा मात्र झकास. पोरगा सम्राट मुकुट काढून देतो तिथे मागची एक बाई "बिचारा" म्हणाली. सातही मिनिटं नाही, पण दोन मिनिटं तरी मी रोमला न्याय दिला. छान वाटलं.

२९ ऑगस्ट, शुक्रवार

वाट लागली.

संध्याकाळच्या गर्दीत पुढच्या पुतळ्याचं गोणपाट मोटरीच्या झटक्यांनी सुटलं. तलवार वर-खाली, वर-खाली, आणि एकेक पट्टी खाली. आत बाराबंदी. मग काथ्याचे केस घसरले, खाली पगडी. मावळा. मंडळाच्या पंचविसाव्या वर्षीच्या गडाच्या देखाव्यातला, पहिल्या रांगेतला. इथल्या प्रत्येक घरात त्याच्याबरोबर काढलेला फोटो आहे. आमच्याकडे निखिलचा आहे, दात पडलेला.

आणि वर स्पीकरवर: आणि मग रानटी टोळ्या...

आधी कोणीतरी हसलं. मग महेशचा आवाज, पडदा पाडा. (गेल्या वर्षी भांडून ह्याने पलीकडच्या गल्लीत वेगळं मंडळ काढलं.) त्याच्या पोरांचे फोन आधीच वर होते. वि.भाऊजी हात जोडत होते. परब मोटरीची वायर ओढत होते. मी आरतीचं ताट धरून नुसती उभी.

३० ऑगस्ट, शनिवार

व्हिडिओ सगळीकडे फिरतोय. मुलुंडहून नणंदेचा फोन, नाहूरहून भाचीचा. पुतळे काढले, बोर्ड काढला, पण फोटो लोकांकडे आहेतच. महेशने पो. स्टे.ला अर्ज दिला, भावना दुखावल्या. चिटणीस जबाबदार.

निखिलला बोलावलं. तेच साहेब. या वेळी थाप नाही. अजून अर्ज आहे, गुन्हा नाही, म्हणाले. गुन्हा दाखल झाला तर पडताळणीत लिहावं लागेल. नि. हे सगळं जेवताना सांगत होता, भात चिवडत. मी विचारलं, मग आता? म्हणाला, माहीत नाही. ताट तसंच ठेवून उठला. मला ओरडून रडावंसं वाटलं, गॅस पुसत बसले.

३१ ऑगस्ट, रविवार

गौरी आल्या. भाजी-भाकरीचा नैवेद्य होतोय तोवर वि.भाऊजी. तोडगा आणलाय. महेशची माणसं म्हणतात पुतळ्यांचं एक वेळ सोडू, परबांची चूक, गरीब माणूस. पण 'रानटी' जिने म्हटलं त्या बाईने मुद्दाम म्हटलं. कांबळेबाईंनी सगळ्यांसमोर माफी मागायची. अर्ज मागे. निखिल सुटला.

"मुद्दाम" कशावरून, विचारलं. भाऊजी गौरीकडे बघत राहिले. "तुमका सांगूक होया काय वयनी? लोकांका आडनाव दिसता." त्यांनाही लाज वाटत होती, एवढं म्हणेन. बोलले मात्र.

मी म्हटलं, तो आवाज माझा आहे.

त्यांना खरंच माहीत नव्हतं. खुर्चीत बसले. मग हळू आवाजात, ह्यां भायर बोलू नकात. चिटणीस आणि त्याची आई, म्हणजे घरातच शिजलं असं होईल. गुन्हा नक्की. पोराचो इचार करा.

करतेच आहे. दुसरं काय करतेय.

१ सप्टेंबर, सोमवार

गौरीपूजन. हात काम करतात, डोकं नाही.

रोम पडलं तेव्हा लोकांनी काय केलं ते मुलांना शिकवायचे. जुन्या देवांची माणसं म्हणाली, ख्रिस्ती लोकांमुळे पडलं. ख्रिस्ती म्हणाले, तुमच्या पापांमुळे. आणि दोघंही म्हणाले, बाहेरून आलेल्यांमुळे. कारणांचं हे प्रश्नोत्तर पाच गुणांना असायचं. आमच्यामुळे पडलं असं उत्तर एकाही पेपरात आलं नाही, मी ते शिकवलंच नव्हतं.

दुपारी प्रज्ञाकडे गेले. तिने दार उघडलं, बस म्हणाली नाही. तिच्या मुलीच्या ऑफिसात, पवईला, कोणीतरी तो व्हिडिओ तिलाच दाखवला. ही तुझी आई ना? तिला उद्या पो. स्टे.ला बोलावलंय, अकरा वाजता, जबाबाला.

"तू काय सांगणार?" विचारलं.

"बोर्डवर नाव माझं आहे. काय सांगू? मी सांगितलं तरी कोण ऐकणार आहे." मग, "निखिलचं मला कळतं गं. मांडीवर खेळवलाय. पण मला वाटलं होतं, तू त्याच रात्री सांगशील."

परत आले. मोजून दहा पावलांवर घर, मध्येच जिन्यावर बसले.

नि.ला सांगितलं, मी उद्या जाणार. तो भिंतीकडे तोंड करून पडला होता. "मी थांब म्हटलं तर थांबशील?" नाही म्हटलं. "मग विचारतेस कशाला?" मी विचारलं नव्हतं, सांगितलं होतं. पण हे त्याला तेव्हा कसं बोलणार. इतका राग आला, त्याचा, भाऊजींचा, सगळ्यात जास्त माझा.

२ सप्टेंबर, मंगळवार

गौरी विसर्जन शेजारच्या वहिनींवर सोपवून गेले. प्रज्ञा बाकावर आधीच बसलेली, मांडीवर पर्स, पाठ ताठ. मी शेजारी बसले. सरकली नाही.

साहेबांना सांगितलं. त्यांचा विश्वास बसेना. मुलाला वाचवायला आया काय काय सांगतात, म्हणाले. मी म्हटलं, साहेब, हे सांगितल्याने मुलगा बुडतोय. तेव्हा त्यांनी मान वर केली. वाक्य बोलून दाखवा म्हणाले. फोनवर व्हिडिओ लावून ठेवला.

बोलले. वर्गात बोलायचे तसं, शेवटच्या बाकापर्यंत. हवालदार लिहिता लिहिता थांबले. दाराशी महेश होता, त्याने ऐकलं. माझा विद्यार्थी, सातवी ब. खाली बघत होता.

साहेबांनी लिहून घेतलं, सही घेतली. संहिता कोणी लिहिली, मी. वाक्य कोणी घातलं? ओठांवर भाऊजींचं नाव होतं. मान्य मी केलं होतं, तेच सांगितलं. पुढे काय, विचारलं तर म्हणाले, वरिष्ठ ठरवतील. प्रज्ञाला जायला सांगितलं.

ती गेटपाशी थांबली होती. एकच रिक्षा केली. घराच्या वळणावर म्हणाली, घावने केलेत, पाठवते. आणि लगेच, "मी अजून चिडलेली आहे हं." म्हटलं, अस.

६ सप्टेंबर, शनिवार

अनंत चतुर्दशी. देखाव्याशिवायचा मांडव, रोमची आग दाखवायचो तो पडदा कोरा. मिरवणुकीत नि. होता, ट्रकच्या मागे, नाचला नाही. भाऊजींनी माझ्या पाया पडल्यासारखं केलं. महेशने अर्ज मागे घेतला का, कोणी म्हणतं हो, कोणी म्हणतं नाही. त्याला समोरून विचारायची हिंमत झाली नाही माझी.

९ सप्टेंबर, मंगळवार

निखिलच्या यादीतल्या दोघांना नेमणुकीची पत्रं आली. घाटकोपरच्या मित्राने फोटो टाकला. नि.ने मला दाखवला, अभिनंदन टाइप केलं, फोन पालथा ठेवला. आठ दिवसांत माझ्याशी कामापुरतं बोलतोय. भाजी कुठली, चावी कुठे. मला त्याचा धाक वाटायला लागलाय, स्वतःच्या पोराचा.

संध्याकाळी नि.ला पो. स्टे.मधून फोन. उद्या अकराला या, पडताळणीसंदर्भात. चांगलं की वाईट, काही सांगितलं नाही. आवाजावरून काही कळलं का, तीनदा विचारलं. नाही म्हणाला.

मग म्हणाला, तू येऊ नकोस. बरं म्हटलं. शर्टाला इस्त्री करायला घेतली तर हातातून काढून घेतला.

जेवताना, ताटाकडे बघत, म्हणाला, "आलीस तर बाहेर थांब."

बाहेर थांबेन.