काळ्या पडद्यावरची ओळ

रत्नागिरी,
१४ नोव्हेंबर २००८

प्रिय गोदाताई,

तुझा लॅपटॉप वाचला आहे, हे आधीच सांगते, म्हणजे पुढचं शांतपणे वाचशील. पडद्यावर उभ्या रेघा यायच्या, तो ग्राफिक्स चिपचा दोष. ती बोर्डावर सोल्डर केलेली असते, सहज काढता-घालता येत नाही. दुकानातल्या गरम हवेच्या मशीनवर मी ती उतरवली आणि दुप्पट मेमरीची नवी बसवली. आमचे मालक हरिश्चंद्रकाका म्हणत होते, बहिणीला नवा घ्यायला सांग. मी ऐकलं नाही. घरांचे नकाशे तू विनीतभाओजींकडून याच मशीनवर शिकलीस. आता ठेकेदाराला अख्खं घर चहूबाजूंनी फिरवून दाखवायचं, तर तेही याच्यावरच व्हावं, असा माझा हट्ट. घरातली पहिली पदवी माझी. ती तुझ्या कामी नाही आली तर काय उपयोग?

पण दोन दिवस पडदा काळाच राहिला. पंखा फिरायचा, विंडोज उघडल्याचा सूर वाजायचा, दिसायचं काहीच नाही. मशीन जागं होताना सगळ्यात आधी जे वाचतं, ते फर्मवेअर जुन्या चिपसाठी लिहिलेलं. त्याच्या लेखी ती अजून तिथेच आहे. मग मी नव्या चिपचं फर्मवेअर घातलं आणि पडदा लख्ख उजळला. कंपनीचं नाव आलं. त्याखाली काही नव्हतं.

तुला कळलं असेलच. भाओजींनी जुन्या फर्मवेअरमध्ये शिरून रोमन अक्षरांत ओळ घातली होती, ‘गोदा, चहा टाक’. मशीन पुरतं उघडेपर्यंत चहाला उकळी येते, असा त्यांचा अंदाज. मी बारावीत होते. हे कसं केलं ते त्यांनी मला दाखवलं, आणि म्हणून मी इलेक्ट्रॉनिक्स घेतलं.

जुन्याची प्रत मी आधीच काढून ठेवली होती. ते परत घातलं की पडदा पुन्हा काळा. ओळ आत उमटत असणार, पण दिसत नाही. नव्यात तीच ओळ लिहिणं दहा मिनिटांचं काम. लिहिलीसुद्धा. मग वाटलं, रोज सकाळी तू वाचणार, आणि हाक मारणारी मी असणार. पुसून टाकली.

आता फोनवर सांगता आलं नसतं ते. दिवाळीला आई तुझ्याकडे राजापूरला राहिली, तेव्हा तिने पाहिलं. ओळ आली की तू दोन कप ओततेस, आणि भाओजी गेल्यापासून, दीड वर्षं, त्यातला एक गार होऊन मोरीत जातो. ओळ गेली की कपही जाईल, असं तिला वाटतं. तिने मला ती घालवायला सांगितली, आणि दुरुस्तीत आपोआप गेली असं तुला सांगायचं, हेही ठरलं. मी हो म्हटलं होतं. पण काल सकाळी जुनं फर्मवेअर घालून काळ्या पडद्यासमोर बसले होते. पंखा फिरला आणि माझ्या तोंडून आपसूक ‘टाकते’ निघालं. त्यानंतर मला तुझ्याशी खोटं बोलवेना. ओळ लिहू की जागा कोरी ठेवू, तूच कळव. लिहिली तर अक्षरं माझी असतील, एवढं लक्षात ठेव. तुझं उत्तर येईपर्यंत मशीनमध्ये जुनंच राहू दिलं आहे. दुकान उघडलं की एकदा सुरू करते. तू तिथे नाहीस, तर कुणीतरी ओ द्यायला हवी.

तुझीच,
निशू