कळशीतलं पाणी

शनिवार, १७ मे. रत्नागिरी.

सुमनच्या तेराव्यानंतर दादा-वहिनी आज पहिल्यांदाच आले, औशाहून. इथं नळाला रोज पाणी येतं असं सांगूनही वहिनीने सवयीने सगळी भांडी भरून ठेवली.

"भावजी, त्या कळशीतलं पाणी लई शिळं होतं. ओतलं."

दवाखान्यात जायच्या सकाळी सुमनने भरलेली कळशी. महिनाभर मी हात लावला नव्हता. वहिनीला काय माहीत? माझा आवाज चढला.

"कुठं ओतलं?"

"तुळशीला. आमच्याकडं पाणी मोरीत ओततेत का कुणी?"

नंतर समुद्रावर ते दोघंच गेले. वहिनीला कारण सांगायला हवं होतं. का नाही सांगितलं?

तुळशीची माती अजून ओली होती. आज तिला वेगळं पाणी घातलं नाही. कळशी चिंच लावून घासली.