बाजाराची भिंत

आष्टी,
१२ जानेवारी २०२५

प्रिय रत्नदीप,

सप्रेम जय भीम. तुझा खोकला थांबला असेल. रूपालीला माझी आठवण सांग. इकडे थंडी चांगलीच आहे. घर बाबांच्या खाटेसकट तसंच आहे. खाट उचलायला अजून कोणाला बोलावलं नाही.

गेल्या रविवारी शाळेत बाबांची स्मृतिसभा झाली. तुला रजा मिळाली नाही म्हणून कळवते. दीडशे तरी जुने विद्यार्थी आले होते. एक कंडक्टर उभा राहिला. म्हणाला, "माह्या बैलाले पाच पाय झालते. सर म्हणाले, राहू दे, बैल चालून राह्यला ना, म्हून पाच दिसतात." सगळा मंडप हसला. एकतीस वर्षं चित्रकला शिकवून बाबांनी कोणाच्या वहीवर लाल फुली मारली नाही, हे मला त्या दिवशी कळलं. मीही हसले. पण मला तिथून पळून जावंसं वाटत होतं.

तू फोनवर विचारलंस, शेवटी शेवटी बाबा इतके गप्प काऊन होते? मी म्हटलं, अशक्तपणा. ते खोटं होतं.

शाळेच्या व्हरांड्यातली बाबांची भिंत तुला आठवते ना? आठवडी बाजार, आणि मधोमध संत्र्यांचा ढीग घेऊन बसलेली आपली आई. ती भिंत आता नाही. दीड वर्षापूर्वीच पुसली गेली. आणि ती मला विचारून पुसली.

बाबांना लकवा मारून वर्ष होत आलं होतं. मी घरात अडकले होते. त्यांचं अंग पुसायचं, भरवायचं, औषधं द्यायची, आणि संध्याकाळी दार लावून घ्यायचं. बारा वर्षं मी कुठे ना कुठे अर्ज करत होते. अखेर बाबांच्याच शाळेत तासिकेवर चित्रकलेची जागा निघाली. मुख्याध्यापकांनी बोलावलं. माझा कागद त्यांच्या टेबलावर सहीसाठी होता. ते म्हणाले, "मॅडम, पाहणी येऊन राह्यली. व्हरांडा रंगवतो, सुविचार लिहून घेतो. सरांचं चित्र तसंबी उडून गेलं. तुमची हरकत नाई न?"

मी म्हटलं, "नाई सर."

एवढंच. त्यांनी सही केली.

घरी आल्यावर बाबांनी पहिलं हेच विचारलं, "भीत कशी आहे?" मी म्हटलं, चांगली आहे, फक्त वरचं आभाळ फिकं पडलं, मी रंगवून घेईन. ते खुलले. म्हणाले, "निव्वळ निळा नोको लावू. थोडा काळा टाकजो त्यात." मग रोजचंच झालं. आज कुठवर आलं, झाडाला हात लावला का, आईच्या पदराची किनार नीट आहे ना. मी शाळा सुटली की नळाजवळ उभी राहून बोटांना निळा रंग फासायची, वाळू द्यायची आणि मग घरी यायची. दीड वर्ष, रत्नदीप! एकदा म्हणाले, "मले एक डाव ने न तिथं." मी म्हटलं, दिवाळी झाल्यावर. दिवाळी झाली, तर म्हटलं, थंडी आहे. शाळेत सुविचारांची ती पिवळी भिंत आणि घरी बाबांचे प्रश्न. मधल्या रस्त्यावर तेवढा मला श्वास घेता यायचा.

नोव्हेंबरच्या शेवटी एका रविवारी मी औषधांसाठी वर्ध्याला गेले होते. परत आले तेव्हा बाबा भिंतीकडे तोंड करून निजले होते. दुसऱ्या दिवशी मी शाळेतून आले. त्यांनी काही विचारलं नाही. मीच म्हटलं, "बाबा, आज आभाळ पुरं झालं." त्यांनी डाव्या हाताने माझा हात ओढून घेतला, उशाच्या टॉवेलने एक एक बोट पुसलं. म्हणाले, "धुवून घे बाई. जेवाले बस."

त्यानंतर त्यांनी भिंतीचं नाव काढलं नाही. सतराव्या दिवशी गेले.

सभा संपल्यावर निकेश भेटला. बोरगाव मेघेला फ्लेक्सचं दुकान आहे त्याचं, बाबांचा लाडका विद्यार्थी. तो रडत होता. म्हणाला, "ताई, तुम्ही वर्ध्याले गेलत्या तवा मी सरांले गाडीत शाळेत नेलतं. सर त्या भितीले हात लावून लय वेळ उभे राह्यले. मी म्हटलं, मुख्याध्यापकाले विचारू का? तर म्हणाले, नोको. काजलले बी सांगजो नोको. तिची नोकरी आहे इथं."

म्हणजे माझी बोटं पुसताना त्यांना सगळं ठाऊक होतं.

आता ऐक. मुख्याध्यापकांनी त्याच भिंतीवर बाबांचं मोठं चित्र काढायला सांगितलं आहे, सव्वीस जानेवारीला अनावरण. नाही म्हणावं तर जूनमध्ये माझं नेमणुकीचं पत्र निघणार नाही. हो म्हणावं तर त्या भिंतीवर बाबांना हसताना दाखवायचं, आणि रोज त्यांच्यासमोर तास घ्यायचा. आठ दिवस मला काही सुचलं नाही.

काल मी मुख्याध्यापकांकडे गेले आणि म्हटलं, "काढीन तर बाजारच काढीन. आणि तो कोणाच्या होकाराने पुसला, हे पोरांना सांगीन." त्यांनी पेपरवेट फिरवला. म्हणाले, "जूनचं मंग माह्या हातात नाई." मी म्हटलं, ठीक आहे.

आज सकाळी कोळसा घेऊन भिंतीपुढे उभी राहिले. संत्री आली, तराजू आला, गर्दी आली. आई येत नाही. तिचा फोटो रेशनकार्डावरचा, तोही घासलेला. इतकी वर्षं मी तिला त्या भिंतीवरच पाहत आले, आणि तीच मी पुसू दिली.

बाबा म्हणायचे, नाक-डोळे रत्नदीपने आईचे घेतले. तू ये. बोलू नकोस माझ्याशी, चालेल. फक्त दोन तास व्हरांड्यात माझ्यासमोर बस.

बाबांना शेवटपर्यंत फसवू न शकलेली,
तुझी ताई
काजल