बांधावरचा निवडुंग

बसरा, आषाढ, सन १९४३

चि. भागुजीस,
धाकटा हाईस म्हणून आशीर्वाद लिहितो. मनातून येत न्हाई.

तुझ्या वैनीनं पत्र लिहवून घेतलं. मी फौजेत आलो तसा तू बांधावरचा निवडुंग तोडलास आणि कांड्या माझ्या रानात चार हात आत लावल्यास. सगळ्या कुजल्या म्हणे. कुजणारच! तोडलेली कांडी पंधरा दिवस सावलीत सुकवून लावायची, हे बाबांनी दोघांनाबी शिकवलं हुतं. तुला घाई चोरीची.

चीक डोळ्यात उडाला म्हणे. दिसतंय का? आई बघती ना डोळ्याकडं?

मी भांडायला येत न्हाई. जुनी खोडं तू मुळासकट उपटली न्हाईस. या पावसात ती फुटतील, बाबांनी लावली तिथंच. एका डोळ्यानं का हुईना, बघ.

तरीबी तुझा थोरला,
कानिफनाथ