दोरीचं दुसरं टोक

ती. स्व. दादास,

साष्टांग नमस्कार. (मनातल्या मनात. प्रत्यक्ष घातला तर उठवायला दोन माणसं लागतील, इतकी कंबर धरली आहे.) तू, वहिनी आणि मंडळी मजेत असालच. वहिनींच्या पित्ताचं काय झालं? गच्चीची गळती थांबली का? उत्तरं सवडीने दे, कारण आत्ता मला ऐकून घ्यायची सवड नाही. हे पत्र मी दुकानात काउंटरपाशी उभ्याने लिहितो आहे. दोन ओळी लिहिल्या की दारापर्यंत जाऊन येतो. रविवारपासून मला कुठेच बसवत नाही, आणि त्याचं कारण कंबर नव्हे.

माझ्या पायाला भिंगरी आहे हे तुला ठाऊकच आहे. दूध तापेपर्यंत मी स्वयंपाकघरात चाळीस फेऱ्या मारतो. शेवटी तुझ्या भावजयीने (मी आणि माझ्या फेऱ्या, दोघांनाही कंटाळून) मला इथल्या ट्रायथलॉन मंडळात नेऊन सोडलं. ट्रायथलॉन म्हणजे आधी पोहायचं, मग त्याच ओल्या अंगाने सायकल हाणायची, आणि त्यावरही जीव उरलाच तर धावायचं. मला वाटलं, तिथे सगळे पोटं आत गेलेले पहिलवान असतील आणि मला फाटकातूनच परत पाठवतील. पण या मंडळाचा हट्टच असा की ज्याला जसं जमेल तसं त्याने यावं. एक आजीबाई मान पाण्याबाहेर ताठ ठेवून पोहतात, कारण केस आदल्या दिवशी सेट केलेले असतात. एक गृहस्थ सायकलचा कृत्रिम पाय काढून धावण्याचा पाय चढवतात, तेवढ्या वेळात माझी एका बुटाची नाडीसुद्धा सुटत नाही. मंडळ चालवणाऱ्या बाई निवृत्त मुख्याध्यापिका. त्यांनी मला नखशिखान्त न्याहाळलं आणि विचारलं, बोलता येतं का? दादा, हा प्रश्न मला आयुष्यात पहिल्यांदाच कुणी विचारत होतं.

अशा रीतीने मी ऑपरेटरचा वाटाड्या झालो. ऑपरेटर एका मोठ्या इस्पितळात टेलिफोनवर बसतो, माझ्याहून दहा वर्षांनी लहान, जन्मापासून दिसत नाही. (दहा वर्षं चष्मे विकतो आहे, पण ज्याच्यापुढे माझी विद्या चालणार नाही असा माणूस हा पहिलाच.) पोहताना त्याच्या मांडीला माझी मांडी लवचिक दोरीने बांधलेली, धावताना मनगटाला मनगट, आणि सायकल दोन सीटची, पुढे मी, मागे तो. पहिल्या दिवशी मी त्याला काही कमी पडू दिलं नाही. उजवीकडे पिवळी बस, बसमध्ये एक बाई जांभई देताहेत, आता दुसऱ्यांदा देताहेत, असं साग्रसंगीत. दुसऱ्या दिवशी तो सौम्यपणे म्हणाला, "अहो, दिवसभर माझ्या कानात माणसं बोलत असतात. खड्डा असेल तरच बोला." मग काय, मी खड्ड्यांची वाट बघू लागलो. बोटभर खळगा दिसला तरी इतक्या आनंदाने जाहीर करायचो की रस्त्यावरची माणसं वळून बघायची. आणि एकदा पुढच्या गतिरोधकाबद्दल काय बोलावं याची मनात जुळवाजुळव करत असतानाच तो गतिरोधक चाकाखाली आला. कंबरेचा उगम तो.

रविवारी मंडळाची सरावाची शर्यत होती. पुढच्या महिन्यात निवडीची खरी शर्यत आहे. ठरलेल्या वेळेत ती संपवली तर ऑपरेटरला मोठ्या स्पर्धेत जाता येईल, आणि त्यासाठी तो चार वर्षं घाम गाळतो आहे. नियम एकच अवघड. वाटाड्याने शेवटची रेषा खेळाडूच्या आधी ओलांडायची नाही, ओलांडली तर खेळाडू बाद. बाईंनी मला तो सात वेळा म्हणायला लावला, वर तळहातावर लिहूनही दिला. (तो पोहताना पुसला गेला.) दोरीने बांधलेल्या पाच जोड्यांमध्ये आम्ही चक्क पहिले होतो. आणि मला समोर फीत दिसली.

दादा, तुला फीत म्हणजे रोजचीच. तुझी पदकं ठेवायला आईने कपाटाचा एक कप्पा रिकामा केला, तेव्हा त्यातले माझे कपडे पलंगाखाली गेले. माझ्यासाठी आजवर कुणी सुतळीसुद्धा आडवी धरली नव्हती. मला काय झालं कुणास ठाऊक, मी छाती काढून उडी मारली. फीत माझ्या पोटाला लागली आणि मनगटाला बांधलेला ऑपरेटर एक पाऊल मागे राहिला. बाद.

बाईंनी आमच्या नावापुढे लाल फुली मारली. मुख्याध्यापिका लाल पेन काढते तेव्हा काय समजायचं ते तुला सांगायला नको. ऑपरेटर चिडला असता तर बरं झालं असतं. त्याने पाण्याचे दोन घोट घेतले आणि विचारलं, "फीत तुटताना कसं वाटतं हो? मला कधी लागलीच नाही." इतक्या दिवसांनी त्याने मला आपणहून बोलायला सांगितलं, आणि माझ्या तोंडून शब्द फुटेना. फार लाज वाटली, दादा. वाटाड्या बदलायचा का, असं बाईंनी त्याला विचारलं, तर तो नाही म्हणाला. तेव्हापासून मी हा असा उभा.

वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझा,
धाकटा

ता. क. मुद्दा राहिलाच. निवडीला आम्हाला चार मिनिटं कमी पडतात, आणि ती चारही माझी आहेत. धावताना दोरी ताणली गेली की ऑपरेटर मला कळू न देता वेग कमी करतो. तू अजून रोज दहा किलोमीटर धावतोस. तू ये आणि दुसरं टोक धर. बाईंशी बोललो आहे, त्याची समजूत मी काढेन. फक्त शेवटी एक पाऊल मागे राहायचं आहे. तुला सवय नाही, म्हणून आजपासून वहिनींबरोबर चालताना सराव कर.

ता. क. २. खड्डा असेल तरच बोल. फीत आली की मात्र किती पावलं उरली ते मोठ्याने मोज.

ता. क. ३. पाकीट चिकटवलं होतं, पुन्हा फोडलं. तुझा गुडघा वगैरे दुखत नाही ना? या वयात दुखतो. नीट दाबून बघ. जरासा जरी दुखत असला तरी अजिबात येऊ नकोस, मी मुळीच वाईट वाटून घेणार नाही.