खोडीचा रकाना

धावडा, बुधवार, संध्याकाळ

सोमवारी सकाळी देवपूजा उरकून मी चालवतो त्या बैलबाजाराच्या वेबसाइटवर एक कस्टम फील्ड, म्हणजे नोंदीत भरायचा जादा रकाना, जोडलं : खोड. विकणाऱ्याने बैलाची खोड लिहायचीच. मला विकायच्या असलेल्या माझ्या पवळ्या बैलाच्या नोंदीत मीच आधी लिहिलं, ‘डावीकडून गेलं की लाथ मारतो.’ पण पान मांडायच्या पेज बिल्डरमध्ये तो रकाना पानावर ठेवलाच नाही. म्हणजे लिहिलं खरं, वाचणाऱ्याला दिसत नाही. विसरलो? नाही. दोन दिवस माहीत होतं.

आज हसनाबादच्या गिऱ्हाईकाचा फोन आला. पवळ्याचा फोटो पसंत, उद्या न्यायला येतो म्हणाला. “चारापाणी आमची म्हातारीच करती. गरीब आहे ना बैल?”

“बघा येऊन,” एवढंच बोललो.

बायकोनं ऐकलं. “देवापुढं तासभर बसता, अन् एवढं सांगायला जीभ रेटली न्हाई?”

“गिऱ्हाईक जाईल.”

“जाऊ द्या. म्हातारी तर ऱ्हाईल.”

डावीकडून. म्हातारी कोणत्या बाजूने वैरण टाकेल, कोण सांगणार?

आत्ता रकाना ओढून फोटोच्या लगेच खाली ठेवला, पान प्रकाशित केलं आणि त्या माणसाला फोन लावून तेच वाक्य तोंडानेही सांगितलं.