नाक्यावरची कोल्ड कॉफी आणि आईचा चष्मा

३ नोव्हेंबर, सोमवार
दुरुस्ती. शनिवारी इथे लिहिलंय की मी नाक्यावरच्या कॅफेत ‘कधीतरी’ जाते. चूक. ऑफिस असेल त्या दिवशी रोज जाते. शाळेत घालायच्या आधी काकांनी घरीच लिहायला शिकवलं, तेव्हाचा त्यांचा नियम: खोटं लिहिलं गेलं तर पान फाडायचं नाही, खाली खरं लिहायचं. लिहिलं. बरं वाटलं नाही.
आईला चष्मा मी करून देणार, असं दिवाळीत सगळ्यांसमोर बोलून बसलेय. आज बोंबील साफ करताना तिने पुन्हा विळीवर बोट कापून घेतलं. कॉफी बंद! म्हणजे बाहेरची.

४ नोव्हेंबर, मंगळवार
कोल्ड कॉफी आता घरूनच नेणार. डहाणूत थर्मास, फेस काढायचं बॅटरीवालं मशीन आणि हेझलनट सिरप घेतलं. चष्म्याच्या पैशांतून. पण ही गुंतवणूक आहे.

६ नोव्हेंबर, गुरुवार, सकाळी ७
आमच्या फ्रिजमध्ये बर्फ धड जमत नाही. मग सुचलं! बाबांच्या होडीच्या पेटीत बर्फच बर्फ. घरचा, फुकट. धुऊन घेतला.
सकाळी ११
शेजारच्या टेबलावरच्या रुपलने एक घोट घेतला आणि ओरडली, अरे, आ शुं छे, बोंबीलनो मिल्कशेक? सगळं ऑफिस हसलं. कविता मॅडम म्हणाल्या, चिंचणीची पोरगी, कॉफीतही मासळी सोडेना. रागाने रडू आलं. तोंडाची चव जावी म्हणून कॅफेत गेले. हे औषध. खर्चात धरलेलं नाही.

१० नोव्हेंबर, सोमवार
थर्मास लिंबाने घासला, सोड्याने घासला, राखेनेही घासला. वास जाईना. कॅफेवाल्या हार्दिकने कार्ड दिलंय, दहा शिक्के झाले की एक कॉफी फुकट. फुकट मिळणारं सोडणं ही उधळपट्टीच. म्हणून शिक्के लवकर भरायला हवेत. आज तीन प्यायले. डोकं ठणकतंय. बचत करणं सोपं नसतं.
आईने विचारलं, चष्म्याला कधी जायचं गो? म्हटलं, होतंय. म्हणाली, घाई नाही, अजून आठ बोटं चांगली आहेत.

१४ नोव्हेंबर, शुक्रवार
फुकटची कॉफी मिळाली! ग्लास अगदीच छोटा होता, म्हणून वरचे पैसे भरून मोठा घेतला. टमटममध्ये पीत घरी आले.
आई ओट्यावर बसलेली, डोळ्यांवर चष्मा. शेजारच्या तानी मावशीला घेऊन स्वतःच डहाणूला जाऊन आली. चष्मेवाल्याला अर्धे पैसे दिले आणि उरलेल्या पैशांऐवजी सुके बोंबील. मी चिडले, मला सांगायचं तरी! म्हणाली, तुझी बचत चालली होती ना, मध्ये कशाला बोलू. मग चष्म्यातून माझ्याकडे निरखून बघितलं. ओठावर पांढरं काय गो ते? पूस.
पुसलं.
बोंबलांची भरपाई मी करणारच. बाहेरची कॉफी सोमवारपासून कायमची बंद. पण सोमवारी रुपलचा वाढदिवस, ती सगळ्यांना कॅफेत नेणार. मंगळवारी मी उलट पाजली नाही तर बरं दिसणार नाही. म्हणजे बुधवार, १९ नोव्हेंबर.